चढाचा सोबती : पॉल द व्हिव्ही

सायकलचा गिअर हा काही चरित्रनायक शोधण्याचा विषय नव्हे, असे कोणालाही वाटेल. वाफेचे इंजिन, विजेचा दिवा, विमान यांच्यामागे शास्त्रज्ञांची मोठमोठी नावे उभी असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांची चित्रे असतात आणि परीक्षेत त्यांच्यावर प्रश्नही येतात. पण एका दातेरी चक्रावरून दुसऱ्या दातेरी चक्रावर चेन सरकवणे एवढ्याशा गोष्टीसाठी एखाद्या माणसाने आयुष्याची चाळीस वर्षे वेचली असतील, टीका सोसली असेल, आणि त्या चेनपायी माणसाच्या कष्टाविषयी एक मोठा वाद खेळला असेल, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. असा एक माणूस फ्रान्समध्ये होऊन गेला. त्याचे नाव पॉल द व्हिव्ही. जगभरचे सायकलस्वार मात्र त्याला व्हेलोसियो या टोपणनावानेच ओळखतात.

पॉल द व्हिव्ही यांचा जन्म १८५३ साली दक्षिण फ्रान्समधील पेर्न या गावी झाला. शिक्षण संपल्यावर ते रेशमाच्या व्यापारात शिरले आणि तिशीच्या आतच त्यांनी त्यात चांगला जम बसवला. त्यांची कर्मभूमी झाली ती सेंट-एतियेन या गावी. हे गाव कोळशाच्या खाणींचे, बंदुकांच्या कारखान्यांचे आणि रेशमी फितींचे. चहूकडे डोंगर. ज्या गावात लोखंड कापणारे, घासणारे आणि जोडणारे कुशल हात आहेत आणि ज्या गावाबाहेर पाऊल टाकताच चढ लागतो, त्या गावात सायकलच्या गिअरचा विचार सुरू व्हावा हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

१८८१ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी पहिली सायकल घेतली. ती आजच्यासारखी नव्हती. पुढचे चाक पुरुषभर उंच, मागचे अगदी लहान, आणि बैठक त्या उंच चाकाच्या माथ्यावर, अशी ती सायकल होती. थोड्याच दिवसांत एका मित्राशी पैज लागली. शंभर किलोमीटर अंतर सहा तासांत कापून दाखवायचे. द व्हिव्ही यांनी डोंगराळ वाटेने ला शेझ-द्यू या गावापर्यंत जाऊन पैज जिंकली. त्या दिवसापासून रेशमावरचे त्यांचे लक्ष उडाले.

त्या उंच चाकाचे कारण समजून घेतले म्हणजे पुढची सगळी हकीकत उलगडते. त्या सायकलीला चेन नव्हती. पॅडल थेट पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेले असत. पाय एकदा फिरला की चाक एकदाच फिरणार. म्हणजे एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाईल हे केवळ चाकाच्या घेरावर अवलंबून. चाकाचा व्यास ५४ इंच असला तर एका फेऱ्यात सव्वाचार मीटरांहून थोडे अधिक अंतर कापले जाई. जास्त वेग हवा तर चाक आणखी मोठे हवे. पण चाक किती मोठे करणार ? स्वाराच्या टांगेला मर्यादा आहे. लांब पायांच्या माणसाला वेगवान सायकल आणि आखूड पायांच्या माणसाला मंद सायकल, असा तो जन्मजात पक्षपात होता.

हा पक्षपात चेनने मोडून काढला. १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर नावाची सायकल बाजारात आणली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि बैठक खाली होती. पॅडलचा जोर चेनमार्फत मागच्या चाकाला मिळत होता. आता चाकाचा आकार वेगळा आणि चाल वेगळी. पुढच्या चक्राला ४८ दाते आणि मागच्याला १८ असले, तर पाय एकदा फिरला की मागचे चाक दोन पूर्णांक दोन तृतीयांश वेळा फिरते. चाक २८ इंची असले तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सहा मीटर पुढे सरकते. दात्यांची संख्या बदलली की हे अंतर बदलते. हाच गिअर. गिअर म्हणजे दांडीवरची खटकी नव्हे. पायाच्या एका फेऱ्याला सायकल किती वाट तुडवते त्याचे ते माप आहे.

द व्हिव्ही यांनी हे नवे वाहन पाहिले आणि ओळखले. १८८७ साली त्यांनी रेशमाचा धंदा सोडला आणि सेंट-एतियेनमध्ये सायकलींचे दुकान काढले. कॉव्हेन्ट्रीहून सायकली मागवून ते विकू लागले. त्याच वर्षी त्यांनी ‘ल सिक्लिस्त’ हे मासिकही सुरू केले. घरदार, बायकामुले असलेल्या माणसाने चालता धंदा मोडून असल्या नव्या खुळात पडावे, हे त्या काळच्या शहाण्यांना काही फारसे पसंत पडले नसेल. मासिकात ते व्हेलोसियो या नावाने लिहीत. पुढे हे नाव इतके रूढ झाले की मूळ नाव मागे पडले. १८८९ साली त्यांनी ‘ला गोलवाज’ नावाची स्वतःची सायकल बांधली. चौकटीला आज आपण पाहतो तसा दोन त्रिकोणांचा आकार आणि मागच्या चाकाला चेन, असे तिचे रूप होते.

सेंट-एतियेनच्या दक्षिणेला एक खिंड आहे. कोल द ला रेपुब्लिक असे तिचे नाव. माथ्याची उंची ११६१ मीटर. गावातून निघाले की माथ्यापर्यंत सारखा चढ. व्हेलोसियो या वाटेवर नेहमी जात. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. एकदा ते ला गोलवाजवर हा चढ चढत असताना त्यांच्याच मासिकाचा एक तरुण वाचक मागून आला आणि तोंडात पाइप धरून धूर सोडत त्यांना मागे टाकून निघून गेला. गोष्टीत तिखटमीठ असेल, पण तिच्यात प्रश्न मात्र खरा आहे. चढावर मागे पडलेल्या माणसाने काय करावे ? मागचे चक्र मोठे बसवून गिअर हलका केला, तर चढ सोपा होईल, पण सपाटीवर पाय भराभरा फिरतील आणि सायकल जागच्या जागी रेंगाळल्यासारखी चालेल. गिअर जड ठेवला तर सपाटी सुखाची, पण चढ जिवावरचा. एका सायकलीला एकच गिअर असेल तर स्वाराला या दोहोंपैकी एक दुःख पत्करावेच लागते.

व्हेलोसियो यांचे उत्तर सरळ होते. रस्ता एकसारखा नाही, मग गिअर एकच का असावा ? त्यांनी पुढे लहानमोठी दोन चक्रे शेजारी शेजारी बसवली. चढ आला की खाली उतरायचे, बोटांनी चेन उचलून लहान चक्रावर घालायची आणि पुन्हा बसायचे. माथ्यावर पोहोचले की पुन्हा उतरून चेन मोठ्या चक्रावर घालायची. पुढे डाव्या बाजूलाही चक्रे बसवून त्यांनी दोनाचे चार गिअर केले. हात काळे होत, वेळ जाई. पण चढ सर होई.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गिअर म्हणजे फुकटची शक्ती असा अनेकांचा समज असतो, तो खरा नाही. माणूस व सायकल मिळून जेवढे वजन आहे तेवढे डोंगरमाथ्यावर नेण्यासाठी जे काम करावे लागते, ते कोणताही गिअर कमी करू शकत नाही. वरच्या उदाहरणातील ४८ व १८ दात्यांऐवजी पुढे ३२ आणि मागे २४ दाते घेतले, तर एका फेऱ्यात सहाऐवजी तीनच मीटर अंतर जाते. प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर निम्मा होतो, पण फेरे दुप्पट मारावे लागतात. निसर्गाचे देणे पुरतेपणी फेडावेच लागते. गिअर एवढेच करतो, की ते हप्त्याने फेडायची सोय करून देतो. आणि माणसाचे गुडघे, छाती व श्वास यांची घडणच अशी आहे, की एकरकमी मागणी आली तर ते मोडतात आणि हप्ते बांधून दिले तर दिवसभर चालतात. सावकाराचा अनुभव असलेल्या घरातील मुलांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता उरला प्रश्न उतरण्याचा. पळत्या सायकलीवरची चेन हात न लावता एका चक्रावरून दुसऱ्यावर कशी न्यायची ? या प्रश्नावर इंग्लंड-फ्रान्समधील अनेक कारागीर एकाच काळात झटत होते. इंग्लंडमध्ये मागच्या चाकाच्या तुंब्यातच दातेरी चक्रे कोंडून गिअर बदलण्याची युक्ती निघाली आणि १९०२-०३ च्या सुमारास स्टर्मी-आर्चर या नावाने ती प्रसिद्धीला आली. फ्रान्समध्ये मात्र चेनच सरकवण्याच्या मार्गाने लोक गेले. या यंत्राला फ्रेंच भाषेत देरायूर म्हणतात. रुळावरून गाडी घसरवणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. आपल्याकडे चेन पडणे ही केवढी डोकेदुखी ! त्या लोकांनी हीच आपत्ती कामाला लावली. चेन पाडायची, पण आपल्याला हवी तेव्हा आणि हव्या त्या चक्रावर.

याची रचना ऐकायला सोपी आहे. चेनचा वरचा भाग पॅडलच्या ओढीने ताणलेला असतो आणि खालचा सैल असतो. ताणलेल्या भागाला ढकलून काही होत नाही. म्हणून हे यंत्र खालच्या, सैल भागाला हात घालते. मागच्या चाकाजवळ खाली दोन लहान पट्ट्या किंवा चकत्या असतात. दांडीवरील खटकी ओढली की तारेने त्या बाजूला सरकतात आणि चेनला शेजारच्या चक्राकडे वळवतात. पाय फिरत असल्यामुळे चेन पुढे पुढे जात असते, आणि जाता जाता तिची एकेक कडी नव्या दात्यांवर चढते. म्हणूनच पाय थांबवून गिअर बदलत नाही. दुसरे काम चेनचा ताण राखण्याचे. मोठ्या चक्राला चेन जास्त लागते, लहान चक्राला कमी. उरलेली चेन लोंबू नये म्हणून स्प्रिंग लावलेली एक चकती तिला ओढून धरते. बाजूला ढकलणे आणि ढिलाई ओढून घेणे, या दोन कामांत देरायूरचे सगळे तंत्र आले.

हे यंत्र व्हेलोसियो यांनीच एकट्याने शोधले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण त्यांचे काम त्याहून अवघड होते. ज्याने त्याने केलेले नवे गिअर ते मागवत, आपल्या सायकलीला बसवत आणि दिवसरात्र डोंगरांतून पळवत. जे मोडले ते का मोडले आणि जे टिकले ते का टिकले, हे सगळे मासिकात लिहून काढत. चाळीस-चाळीस तास न झोपता ते सायकल चालवत असत. ईस्टरच्या सुटीत सेंट-एतियेनहून प्रोव्हान्स प्रांतापर्यंत जाण्याचा त्यांचा नेम होता. ते शाकाहारी होते, एस्परांतो या जागतिक भाषेचे पुरस्कर्ते होते. लांबच्या प्रवासासाठी त्यांनी सात नियम सांगितले. मुक्काम थोडे आणि थोडक्यात असावेत, भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, अंगातली शक्ती पार संपेपर्यंत ताणू नये, आणि केवळ लोकांना दाखवण्यासाठी कधी सायकल मारू नये, असा त्यांचा मथितार्थ आहे. हा शेवटचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. कारण त्यांचे खरे भांडण या दिखाऊपणाशीच होते.

त्या भांडणात दुसऱ्या बाजूला उभे होते आंरी देग्रांज. हेही साधे गृहस्थ नव्हते. १८९३ साली एका तासात ३५.३२५ किलोमीटर सायकल चालवून त्यांनी विक्रम केला होता, आणि पुढे १९०३ साली सुरू झालेली टूर द फ्रान्स ही जगप्रसिद्ध स्पर्धा त्यांच्याच वृत्तपत्राने भरवली. १९०२ मध्ये टूरिंग क्लब ऑफ फ्रान्स या संस्थेने पिरेनीज पर्वतात, तुर्मालेच्या घाटात, प्रवासी सायकलींची परीक्षा घेतली. नामांकित पुरुष स्वारांच्या बरोबर त्या वाटेवर मार्थ हेस नावाची एक स्त्री होती. व्हेलोसियो यांची गिअरची ला गोलवाज घेऊन ती उतरली होती आणि पाय जमिनीवर न टेकवता तिने तो घाट पार केला. गिअरच्या बाजूने याहून बोलका पुरावा काय हवा ? पण देग्रांज यांचे मत बदलले नाही. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत, तरुणांनी स्नायूंच्या बळावर जिंकावे, यंत्राच्या युक्तीने नव्हे, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे.

आणि गंमत पाहा. पहिल्याच टूर द फ्रान्सची वाट व्हेलोसियो यांच्या त्याच कोल द ला रेपुब्लिकवरून गेली. पण देग्रांज यांच्या स्पर्धेत पुढे वर्षानुवर्षे देरायूरला बंदी राहिली. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन चक्रे असत. घाटाच्या पायथ्याशी स्वार उतरे, चाक काढून उलटे बसवी आणि मग चढू लागे. माथ्यावर पुन्हा तोच सोपस्कार. ही बंदी उठली १९३७ साली, देग्रांज संचालकपदावरून दूर झाल्यानंतर. त्या वर्षी रोजे लापेबी हा देरायूर वापरून ती स्पर्धा जिंकणारा पहिला स्वार ठरला.

देग्रांज यांची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. शर्यतीत माणसाची पारख व्हावी, यंत्राची नव्हे, हा विचार समजण्यासारखा आहे. कुस्तीत आपण दोघांना सारखीच माती देतो. पण शर्यतीचा नियम जगण्याला लावला की घोटाळा होतो. रस्त्यावरची बहुतेक माणसे शर्यतीला निघालेली नसतात. कोणी कामाला, कोणी बाजाराला, कोणी शाळेला निघालेले असते. आमच्या भागातून कॉलेजला येणाऱ्या मुलांच्या सायकली एकाच गिअरच्या आहेत. वाटेत एक चढ आहे. तेथे आम्ही सगळेच उतरतो आणि सायकल ढकलत नेतो. दुधाच्या किटल्या लावलेली माणसेही तेथे उतरतात. माझे वडील याच चढाने सायकल ढकलत कामाला गेले. त्यांच्या कष्टाचे कौतुक मी घरीदारी पुष्कळ ऐकले आहे. पण चढ थोडा हलका झाला असता तर ते कौतुक कमी झाले असते असे मला वाटत नाही. वाचलेला दम त्यांनी दुसऱ्या कशाला तरी लावला असता. कष्टाची थोरवी गाणारे लोक पुष्कळदा वाटेच्या कडेला उभे असतात. चढावर असणाऱ्याला थोरवी नको असते, पायाला बेताचा जोर हवा असतो.

व्हेलोसियो यांनी हेच ओळखले होते. गिअरमुळे माणूस ऐदी होईल अशी ज्यांना भीती होती, त्यांना त्यांनी वादाने फारसे नमवले नाही. ते स्वतःच साठीनंतरही घाटांवर चढत राहिले. हलक्या गिअरने त्यांना घरी बसवले नाही, उलट जास्त दूर नेले. ज्या वयात इतर माणसे सायकल भिंतीला टेकवून ठेवतात, त्या वयात ते रात्रभर प्रवास करीत. साधन सोपे झाले म्हणजे माणूस कमी चालतो असे नाही, तो पुढच्या डोंगराकडे पाहू लागतो, हे त्यांनी आचरणाने दाखवून दिले.

१९२२ पासून सेंट-एतियेनमध्ये त्यांच्या सन्मानार्थ ‘व्हेलोसियो दिन’ साजरा होऊ लागला. त्या दिवशी लहानथोर स्त्री-पुरुष कोल द ला रेपुब्लिकचा चढ सायकलवरून चढत असत. आपल्या हयातीत, आपल्याच वाटेवर, शेकडो माणसे गिअर लावून चढताना पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले. टूर द फ्रान्सने त्यांचे म्हणणे मान्य केलेले पाहण्याचे भाग्य मात्र लाभले नाही. १९३० साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, सेंट-एतियेनच्या रस्त्यावर त्यांना अपघात झाला. गर्दीमुळे ते सायकलवरून उतरून, ती हाताने धरून रस्ता ओलांडीत होते. एका मोटारीला वाट देण्यासाठी मागे सरले आणि ट्रामच्या धक्क्याने गेले. ज्याने जन्मभर माणसांना चढावर उतरावे लागू नये म्हणून खटपट केली, त्याला मृत्यूने सायकलवरून उतरलेला असतानाच गाठले. खिंडीच्या माथ्यावर त्यांचे स्मारक उभारले आहे.

त्यांच्या मागे गिअरचा विकास झपाट्याने झाला. १९५० च्या सुमारास इटलीतील तुल्यो कांपान्योलो यांनी समांतरभुज चौकोनाच्या तत्त्वावर चालणारा देरायूर आणला, आणि त्याच तत्त्वाने आजचेही गिअर चालतात. १९८५ साली शिमानो या जपानी कंपनीने खटकीला ठरावीक टप्पे दिले. त्यापूर्वी स्वाराला चेनच्या आवाजावरून अंदाजाने खटकी सरकवावी लागे. आता एक ‘टक्’ झाला की एक गिअर बदलतो. २००९ मध्ये याच कंपनीने विजेवर चालणारे गिअर शर्यतीच्या सायकलींसाठी आणले. तारेच्या जागी वीज आली, पण काम तेच राहिले. सैल बाजूने चेनला हळूच ढकलायचे आणि तिची ढिलाई ओढून घ्यायची.

आज आपल्या शहरांतून मुले रंगीत, गिअरच्या सायकली उडवताना दिसतात. त्यांपैकी कित्येकांना कोणता गिअर केव्हा घालावा हे ठाऊक नसते. चढ सुरू होण्याच्या जरा आधी, पायावर पुरता भार येण्यापूर्वी गिअर हलका करावा, कारण ताणलेली चेन सहज सरकत नाही, एवढे जरी कोणी त्यांना सांगितले तरी पुरे. तहान लागण्याआधी पाणी प्यावे, या व्हेलोसियो यांच्या नियमाचेच हे दुसरे रूप आहे. दम संपल्यावर मदत मागण्यापेक्षा चढ दिसताच ती घ्यावी. त्यात कमीपणा नाही. ही गोष्ट सांगण्यासाठी एका रेशमाच्या व्यापाऱ्याने आपले दुकान मोडले आणि उरलेले आयुष्य चढावर काढले.